त्याने मारलं, म्हणून मी मारलं

"डाव संपला, बटण दाबलं, अर्ध्या मिनिटात सगळ्या चुका लाल खुणा करून समोर हजर. बरोबर चाल कोणती, तेही बाण काढून दाखवलेलं. मग वही-पेन घेऊन तासभर डोकं खाजवत बसायचं कशाला? जगज्जेत्याला लोळवणारं यंत्र खिशात आहे, फुकट आहे, आणि तुम्ही सांगता की चौदाशे रेटिंगच्या माणसाने आपल्या चुका आपणच शोधाव्यात. अहो, ज्या डोक्याने चूक केली तेच डोकं ती शोधणार कसं?"

हौशी बुद्धिबळपटूंच्या बैठकीत हा प्रश्न आज हटकून निघतो, आणि तो विचारणारा माणूस आळशी नसतो. नोकरी-संसार सांभाळून रविवारच्या स्पर्धा गाठणारा, रात्री फोनवर दोन डाव खेळून झोपणारा, आपला खेळ सुधारावा अशी मनापासून इच्छा असणारा तो गृहस्थ असतो. अशांना आपण इंजिनवाले म्हणू. त्यांचे निम्मे म्हणणे आधीच मान्य करून टाकलेले बरे. १९९७ च्या मे महिन्यात डीप ब्लूने जगज्जेत्या कास्पारोव्हला साडेतीन-अडीच गुणांनी हरवले, तेव्हा त्यासाठी खास बांधलेला महासंगणक लागला होता. आज स्टॉकफिशसारखे फुकट मिळणारे इंजिन साध्या फोनवर त्याहून पुष्कळ सरस खेळते. अमुक चाल बरोबर की चूक, या मुद्द्यावर त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. माझे भांडण निराळ्या मुद्द्यावर आहे. हरलेल्या डावातून हौशी माणसाला जे शिकायचे असते, ते 'बरोबर चाल कोणती' हेच असते का?

एक डाव पटावर मांडू. तो कोणा एकाचा नाही. याच चालींनी तो रोज कुठे ना कुठे खेळला जातो. दोघांनीही राजापुढचे प्यादे दोन घरे सरकवले. पांढऱ्याचा घोडा एफ३ वर, काळ्याचा सी६ वर. पांढऱ्याचा उंट सी४ वर, काळ्याचा दुसरा घोडा एफ६ वर. इथपर्यंत सगळे सभ्य. चौथ्या चालीला पांढरा घोडा जी५ वर उडी मारतो, आणि आता घोडा व उंट दोघांचाही डोळा एफ७ च्या प्याद्यावर. त्या प्याद्याला राखण एकट्या राजाची. काळा धोका ओळखतो आणि डी५ वर प्यादे ढकलून उंटाची वाट अडवतो. पांढरा ते प्यादे प्याद्याने मारतो. पाचव्या चालीला काळा घोड्याने परत मारतो. प्यादे गेले, प्यादे आले, हिशेब चुकता. आणि लगेच पुढच्या चालीला पांढरा घोडा एफ७ वर जाऊन पडतो, वजीर आणि हत्ती दोघांवर एकदम. त्याला राजाने मारण्यावाचून धड उपाय नाही. मारले की पांढरा वजीर एफ३ वर येऊन शह देतो आणि त्याच दमात डी५ वरच्या घोड्यावरही रोखतो. राजा घाबरून जी८ ला परतला, तर उंट डी५ चा घोडा मारून शह देतो आणि तिथून तीन चालींच्या आत मात होते. घोडा वाचवायचा, तर राजाला ई६ वर, पटाच्या मधोमध, उघड्यावर यावे लागते. इटलीच्या खेळाडूंना हा हल्ला चारशे वर्षांपासून ठाऊक आहे. इंग्रजीतून आलेले त्याचे नाव 'फ्राइड लिव्हर', म्हणजे चक्क तळलेली कलेजी. ई६ वर आलेल्या राजाकडे पाहिले की नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते.

काळा हरला. इंजिनने पाचव्या चालीवर लाल खूण केली आणि बाण काढला: घोडा ए५. मारायचे नाही, दुसऱ्या घोड्याने उंटालाच हाकायचे. एक प्यादे कमी राहिले तरी मोहरी भराभर बाहेर येतात. उत्तर बरोबर आहे, दीडशे वर्षांची पुस्तकेही तेच सांगतात. आपल्या गृहस्थाने ते पाठ केले. पुढच्या खेपेला तीच मांडणी आली तर तो घोडा ए५ वरच नेईल.

"मग झालं की! शिकला ना तो?"

शिकला, एका सुरुवातीतली एक चाल. आता त्याच माणसाचा महिनाभरानंतरचा दुसरा डाव पाहा. यात तो पांढरी मोहरी खेळतो आहे आणि डाव शेवटाला आलेला आहे. त्याच्याकडे हत्ती, पांढऱ्या घरांवरून धावणारा उंट आणि 'एच' पट्टीतले एक प्यादे. समोरच्याकडे राजा आणि नुसता हत्ती. जिंकायला फार बुद्धी लागू नये. समोरच्याने शेवटचा डाव टाकला, आपला हत्ती याच्या हत्तीसमोर आणून भिडवला. याने मारला, समोरच्याच्या राजाने परत मारला. हा खूश: आता उंट, प्यादे आणि एकटा राजा, कटकट मिटली. पण समोरचा राजा टुणटुण चालत एच८ च्या कोपऱ्यात जाऊन बसला. ते घर काळे, आणि याचा उंट पांढऱ्या घरांचा. तो उंट जन्मात त्या घरावर शह देऊ शकत नाही. प्यादे पुढे ढकलले तर समोरच्याला चालच उरत नाही, आणि चाल उरली नाही की बरोबरी. इंजिनने पुन्हा लाल खूण केली: या चालीआधी जिंकलेला डाव, या चालीनंतर शून्य.

इंजिनच्या लेखी या दोन स्वतंत्र चुका आहेत. एक सुरुवातीतली, पाचव्या चालीची. दुसरी अंतिम पर्वातली, साठाव्या चालीच्या आसपासची. एकीवर उपाय म्हणून सुरुवातीचे पुस्तक, दुसरीवर उपाय म्हणून उंट-प्याद्याचे धडे. पण या गृहस्थाने दोन्ही डावांनंतर, इंजिन उघडण्याआधी, त्या चालीपाशी मनात काय होते ते दोन ओळींत लिहून ठेवले असते, तर पहिल्या वहीपानावर उमटले असते: 'त्याने मारलं, म्हणून मी मारलं.' दुसऱ्या पानावर: 'हत्ती समोर आला, मारला.' आणि चालीला लागलेला वेळ: एकीला तीन सेकंद, दुसरीला चार. या दोन चुका नाहीत, एकच आहे. अदलाबदल समोर आली की हात आपोआप जातो आणि मारून झाल्यावर पटावर काय उरेल हे पाहिलेच जात नाही. घोडा ए५ पाठ केल्याने ही खोड तशीच राहते. ती तिसऱ्या डावात वजिरांच्या अदलाबदलीत निघेल, चौथ्यात आणखी कुठे. इंजिनकडे चाल असते. चालीमागचे 'म्हणून' त्याच्याकडे नसते. ते खेळणाऱ्याच्या डोक्यात असते, आणि तिथेही फार वेळ टिकत नाही.

"तुमचा सगळा डोलारा उभा आहे तो माणसाला आपलं 'म्हणून' ठाऊक असतं यावर. तेच खोटं असेल तर? बिलालिच, मॅकलिऑड आणि गोबे या तिघांचा २००८ मधला अभ्यास बघा. निष्णात खेळाडूंना अशी स्थिती दिली की एक ओळखीची, घोड्याने कोंडून करायची मात दिसते आणि तिच्याहून आखूड पण अनोळखी दुसरी मातही आहे. ओळखीची सापडल्यावर ते सांगत होते की आम्ही याहून चांगली शोधतोय. पण नजरेचा माग काढणारं यंत्र दाखवत होतं की डोळे त्याच जुन्या घरांवर खिळलेत. खोटं बोलत नव्हते ते, त्यांना खरंच तसं वाटत होतं. मग तुमचा चौदाशेवाला वहीत जे लिहील त्याला पुरावा कसं म्हणायचं?"

हा आक्षेप मला या वादातला सर्वांत वजनदार वाटतो, आणि तो टोलवून लावता येणार नाही. माणूस स्वतःच्या विचाराचा भरवशाचा साक्षीदार नाही, हे खरेच. पण त्या अभ्यासात नेमके काय खोटे ठरले ते पाहायला हवे. 'मी सगळीकडे पाहिले' हा सरसकट दावा खोटा ठरला. म्हणून वहीत असले दावे लिहायचेच नाहीत. 'नीट विचार केला होता', 'दडपण आले', 'लक्ष नव्हते' ही वाक्ये कचऱ्यात. लिहायचे ते इतकेच: या जागी कोणत्या चाली मनात आल्या, कोणत्या क्रमाने आल्या, समोरच्याचे कोणते उत्तर धरले होते. 'फक्त एकच चाल मनात आली' ही कबुली कुणी फुशारकीसाठी करत नाही. त्याला जोड म्हणून घड्याळ आहे. ऑनलाइन डावात प्रत्येक चालीचा वेळ आपोआप नोंदला जातो. स्पर्धेतल्या डावात चालींच्या कागदावर शेजारी उरलेला वेळ लिहिता येतो. तीन सेकंदांत खेळलेल्या चालीवर कोणी पानभर तत्त्वज्ञान लिहू लागला, तर घड्याळ त्याला तिथेच खोटे पाडते. साक्षीदार कच्चा असेल तर त्याला बाहेर हाकलत नाहीत, त्याची उलटतपासणी घेतात.

आणि साक्षीदार कच्चा आहे म्हणूनच क्रमाला महत्त्व येते. बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने रूथ बेथ यांच्याबरोबर १९७५ मध्ये एक काम प्रसिद्ध केले. निक्सन १९७२ मध्ये चीन आणि मॉस्कोला जाणार होते, त्याआधी इस्रायलमधल्या विद्यार्थ्यांना अमुक घडेल, तमुक घडेल याची शक्यता किती ते आकड्यांत लिहायला सांगितले. दौरा आटोपल्यावर काही काळाने त्यांनाच विचारले, तेव्हा तुम्ही कोणता आकडा दिला होता ते आठवून सांगा. जे घडले होते, त्याबाबत त्यांना आपला जुना आकडा होता त्यापेक्षा मोठा आठवू लागला. निकाल कळला की स्मरण निकालाकडे सरकते. हेच पटावर लावून पाहा. इंजिनचा बाण आधी पाहिलेला माणूस सांगणार, 'घोडा ए५ मलाही सुचला होता, पण...' ते 'पण' नंतर जन्माला आलेले असते. बाण पाहण्याआधी लिहिलेल्या पानात हा गोंधळ नसतो, कारण तेव्हा बरोबर उत्तर त्यालाही ठाऊक नसते. माझे सांगणे एवढेच आहे की आधी वही, मग इंजिन. तुम्ही त्याचे 'इंजिन नको' करून मला झोडपता.

"बरं, क्रम मान्य करू. पण 'मनात कोणत्या चाली आल्या' यातून निघतं काय? चाल वाईट होती हे कळलं, पुरे. इंजिन तर किती वाईट तेही आकड्यात सांगतं."

त्या आकड्याचा अर्थ बहुतेक लोक पाहतच नाहीत. २०२२ च्या डिसेंबरात आलेल्या स्टॉकफिशच्या आवृत्तीपासून अधिक एक या आकड्याचा अर्थ ठरवून दिलेला आहे: तिथून पुढे इंजिनच इंजिनशी खेळले तर जिंकण्याची शक्यता निम्मी. म्हणजे तो आकडा दोन यंत्रांच्या भवितव्याविषयी बोलतो. चौदाशे आणि साडेचौदाशेच्या दोन माणसांना त्या स्थितीत काय सापडेल आणि काय नाही, याच्याशी त्याचा संबंध दूरचा. कलेजीच्याच डावात राजा ई६ वर आल्यावरही इंजिन काळ्याला बचावाच्या चाली दाखवत राहते; हाडामासाच्या काळ्याला त्या सापडत नाहीत. उलट, हौशी डावात जी चूक समोरच्याने ओळखलीच नाही तिच्यावरही तेवढीच ठळक लाल खूण पडते, आणि माणूस तासभर भलत्याच ठिकाणी खणत बसतो. मनात आलेल्या चालींचे महत्त्व मात्र जुन्या काळीच दिसून आले आहे. आद्रियान द ख्रोट या डच मानसशास्त्रज्ञाने १९३८ च्या सुमारास अलेखिन, केरेस, ऑय्वे अशा दिग्गजांपासून साध्या क्लब खेळाडूंपर्यंत अनेकांसमोर एकच स्थिती मांडली आणि त्यांना मोठ्याने बोलत विचार करायला लावला. ग्रँडमास्टर दहा-वीस चाली पुढचे पाहत असतील ही आपली समजूत. पण खोलीत त्यांच्यात आणि त्यांच्याखालच्या चांगल्या खेळाडूंत फारसा फरक दिसला नाही. फरक होता तो सुरुवातीलाच कोणत्या चाली नजरेत भरतात यात. बलवानाच्या मनात चांगल्या चाली आधी येतात. असे असेल तर सुधारणा व्हायची ती तिथेच, आणि तिथे काय चालले आहे याची नोंद दुसरे कोण ठेवणार?

इथे इंजिनवाले हातातले दुसरे शस्त्र काढतात. आजची पोरे बघा, म्हणतात. इंजिनच्या मांडीवर वाढली आणि जग जिंकून आली. वही घेऊन कोण बसले होते? उदाहरण म्हणून गुकेशचे नाव येणार हे ठरलेले. १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरला डिंग लिरेनला चौदाव्या डावात हरवून तो अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. आता गंमत अशी, की हे उदाहरण त्यांच्या कामाचे नाही. त्याचे गुरू विष्णू प्रसन्ना यांनी त्याला कित्येक वर्षे इंजिनपासून दूर ठेवले होते, आणि २०१९ च्या जानेवारीत बारा वर्षे सात महिन्यांचा असताना तो ग्रँडमास्टर झाला तोही इंजिनशिवायच घडलेला, हे त्या दोघांनी मुलाखतींतून सांगितले आहे. नंतर त्याने इंजिन घेतले, भरपूर घेतले. पण कशावर घेतले, तर आधीच घडलेल्या नजरेवर.

"एका उदाहरणाने काय सिद्ध होतं? आणि त्याच्याजवळ इंजिन नव्हतं, पण ग्रँडमास्टर गुरू होता. तो सांगायचा, बाळा, इथे तुझं चुकलं. आमच्याजवळ कोण आहे?"

बरोबर आहे, एका उदाहरणाने काहीच सिद्ध होत नाही. मी ते पुरावा म्हणून नव्हे, तुमचा पुरावा खोडायला वापरले. आणि गुरू नसणे ही खरी उणीव आहे. पण गुरू असे सांगत असला तरी आधी एक प्रश्न विचारतो: 'हे का खेळलास?' निम्मे शिक्षण त्या प्रश्नात असते. गुरूची जागा इंजिनला देताना तो प्रश्न मधल्या मधे गळून पडला आहे. वही तो परत आणते, एवढाच तिचा अधिकार. उत्तर तपासायला मात्र वही असमर्थ आहे, तिथे इंजिनच हवे. त्याच सिंगापूरच्या डावात पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्ती एफ२ वर आणून हत्तींची अदलाबदल पुढे केली. त्याचा उंट ए८ च्या कोपऱ्यात होता. हत्ती गेले, गुकेशने उंट डी५ वर आणून उंटही बदलायला लावले, आणि उरलेला राजा-प्याद्यांचा शेवट एका प्याद्याने हरलेला होता. घरी बसून इंजिनची पट्टी पाहणाऱ्यांना ती चूक क्षणात कळली. समोर बसलेल्या गुकेशला ती पहिल्या झटक्यात दिसली नव्हती, असे त्यानेच नंतर सांगितले. पट्टी पाहणाऱ्या लाखो लोकांपैकी कुणाच्याही बुद्धिबळात त्या क्षणी भर पडली असे मला वाटत नाही. अदलाबदलीनंतर काय उरेल, हा प्रश्न जगज्जेतेपदाच्या लढतीतही सुटून जाऊ शकतो, हे ज्याने आपल्या वहीतल्या दोन पानांशेजारी मांडून पाहिले असेल, त्याच्या पडली असेल.

आणखी एक खोल आक्षेप यानंतर येतो आणि तो अज्ञानाचा आहे. "उंटाचं घर आणि कोपऱ्याचं घर एका रंगाचं नसेल तर जिंकता येत नाही, हे ज्याला माहीतच नाही तो वहीत काय दिवे लावणार? त्याने दहा सेकंद घेतले काय आणि दहा मिनिटं घेतली काय, हत्ती मारणारच." यात मी पूर्ण हार मानतो. ठाऊक नसलेली गोष्ट आत्मपरीक्षणातून उगवत नाही. तिला पुस्तक लागते, गुरू लागतो, नाहीतर इंजिन. मॅक्स ऑय्वे यांनी वॉल्टर मायडेन यांच्यासोबत १९६३ मध्ये मास्टर आणि हौशी खेळाडू यांच्या डावांचे एक पुस्तक लिहिले. ऑय्वे जगज्जेते आणि पेशाने गणिताचे शिक्षक, मायडेन भाषेचे प्राध्यापक आणि स्वतः हौशी. त्या पुस्तकात हौशी माणसाचे असे किती तरी न-जाणणे उघडे केलेले आहे. पण अज्ञान मान्य केल्यावर माझा मुद्दा उलट धारदार होतो. कारण आपल्या गृहस्थाला तो उंटाचा नियम ठाऊक होता की नव्हता? इंजिनची लाल खूण दोन्ही वेळा सारखीच. ठाऊक नसेल, तर दहा मिनिटांचा धडा वाचला की काम झाले. ठाऊक असेल, दोनदा वाचलेला असेल, आणि तरीही चार सेकंदांत हत्ती मारला असेल, तर तोच धडा तिसऱ्यांदा वाचणे व्यर्थ आहे. तिथे हात आवरण्याची सवय लावायला हवी. दुखणी दोन, औषधे दोन, आणि कोणते कुठले हे ओळखू शकणारा माणूस जगात एकच. हौशी खेळाडू वर्षानुवर्षे त्याच रेटिंगवर का घुटमळतात, याची कारणे बरीच असतील. पण सवयीच्या दुखण्यावर ज्ञानाची गोळी घेत राहणे हे त्यातले एक नक्की.

"हल्ली ॲपं तेही सांगतात. तुमचे शंभर डाव घेऊन कोणत्या टप्प्यात चुकता, किती घाईत चुकता, सगळं आलेखात." सांगतात, आणि घाईचा आलेख तर फारच कामाचा आहे, मी वर घड्याळाला साक्षीला बोलावले ते त्याच्याच भरवशावर. फक्त त्या आलेखाचे कप्पे ॲपवाल्यांनी आधी ठरवलेले असतात: सुरुवात, मध्य, शेवट, घोडा, उंट, हत्ती. 'मारले म्हणून मारले' असा कप्पा त्यात नाही. 'समोरच्याचे रेटिंग जास्त होते म्हणून वजीर बदलून टाकला' असाही नाही. तो कप्पा आधी कुणाला तरी सुचावा लागतो.

वेळेच्या तक्रारीला फार वेळ देण्याचे कारण नाही. तीन-तीन मिनिटांचे डाव कुणी वहीत उतरवू नयेत. आठवड्यातून एक लांब डाव, त्यातल्या तीन जागा, प्रत्येकीला दोन ओळी. पंधरा मिनिटे.

वहीची एक उणीव मात्र इंजिनवाल्यांनी अजून बोलून दाखवलेली नाही, म्हणून मीच सांगतो: ती खासगी असते. खासगी जागेत माणूस स्वतःला फार लवकर माफ करतो. सोव्हिएत जगज्जेते बॉटविनिक यांना ही गोष्ट कळली होती. आपल्या डावांची चिकित्सा करा आणि ती छापा, म्हणजे लोक चुका दाखवतील, हा त्यांचा आग्रह होता; पुढे त्यांच्या शाळेत कार्पोव्ह, कास्पारोव्ह, क्रामनिक अशी मुले आपापले डाव घेऊन बसली. हाच माणूस इंजिनियर होता आणि त्याने आयुष्याची कैक वर्षे बुद्धिबळ खेळणारा संगणक घडवण्यात घालवली, हे दोन्ही पक्षांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. हौशी माणसाला छापायला मासिक कुठले? पण त्याच्याकडे एक वाचक हक्काचा असतो, तो म्हणजे नुकताच त्याला हरवून उठलेला प्रतिस्पर्धी. डाव संपला की दोघांनी खेळाच्या दालनाबाहेर येऊन पुन्हा पट मांडायचा, ज्याला सगळेच पोस्टमॉर्टेम म्हणतात, ही जुनी रीत होती. अजून आहे, पण आटत चालली आहे, कारण दोघेही बाहेर येताच खिशातून फोन काढतात. त्या दहा मिनिटांत जे कळते ते ना वहीत असते ना इंजिनात. तुम्ही ज्या चालीला भीत होतात ती त्याने पाहिलीच नव्हती. तुम्ही सहज खेळलेल्या चालीने त्याची झोप उडाली होती. आणि घोडा एफ७ वर टाकताना तो पुढचे सगळे मोजून बसला नव्हता; त्याला एवढेच ठाऊक होते की समोरचा डी५ वर परत मारणार. "शंभरातले नव्वद जण मारतात," असे तो हसत सांगतो. त्याचा आकडा खरा की खोटा ते सोडा. पण तो तुमची मोहरी वाचत नव्हता, तुमचा हात वाचत होता, हे त्याच्या तोंडून ऐकल्याखेरीज कळायचे नाही.

"ठीक आहे. आधी वही, मग समोरचा, मग इंजिन. समजा तुमच्या गृहस्थाने हे सगळं केलं. जिंकायला लागला का तो?"

त्याच्या तिसऱ्या डावाचा कागद असा आहे. सतराव्या चालीला समोरच्याने सी६ चा घोडा मारला. परत मारायला बी७ चे प्यादे सज्ज होते, आणि एरवी हात तिकडेच गेला असता. कागदावर उरलेल्या वेळाचे दोन आकडे लिहिलेले आहेत. वजाबाकी केली तर चाळीस सेकंद. त्याने प्याद्याने न मारता हत्तीने मारले. रात्री इंजिनने त्या चालीला काहीच खूण केली नाही, म्हणजे ती बरोबर होती. बत्तिसाव्या चालीला तो जिंकत असतानाच त्याचे घड्याळ पडले. त्या दिवशीच्या पानावर आहे: 'आता प्रत्येक मारामारीपाशी थांबतो. जिथे मारण्याखेरीज दुसरी चालच नव्हती तिथेही थांबलो. तीन ठिकाणी मिळून सहा मिनिटं.'

"म्हणजे हरलाच," इंजिनवाले म्हणाले.

हरला. पण या पानावर 'त्याने मारलं, म्हणून मी मारलं' असे कुठे लिहिलेले नाही.